पोर्तुगीज किल्ल्यावर बाबा

सुमन,

सांताक्रूझ विमानतळाबाहेर तुम्ही तिघं मला सोडायला आला होतात. तू तेव्हा दहा वर्षांची, आईच्या पदराला धरून पेंगत होतीस. बाबा म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे काय? माडाचं रोप लावलं तरी फळ धरायला याहून जास्त लागतात."

इथं आखातात त्या दोनाची अकरा झाली. पहाटे कंपनीची बस, सित्राच्या कारखान्यात दिवसभर वेल्डिंग, खोलीवर आल्यावर भात लावायचा. हल्ली जेवण झालं की तोंडातून 'झालं'ऐवजी इथल्या अरबांसारखं 'खलास'च निघतं. दमलोय गं.

आई गेल्यावर दोन वर्षांनी बाबा व्हिजिट व्हिसावर इथं आले, तेव्हाचं सांगायचंय. एका शुक्रवारी मित्राची पिकअप घेऊन मी त्यांना फिरवलं. आधी मुहर्रकची जुनी घरं, मग समुद्राकाठचा पोर्तुगीज किल्ला. ऊन मी म्हणत होतं. बाबांनी भिंतीवर हात ठेवला. "फिरंगी इथंही आले होते? आपल्या रेवदंड्याच्या कोटासारखंच बांधलंय. दगड मात्र ठिसूळ."

भिंतीच्या सावलीत बसलो. समुद्राकडे बघत ते म्हणाले, "या फिरंग्यांतले किती परत घरी गेले असतील?"

मला राहवलं नाही. "बाबा, आई गेली तेव्हा रजा नाकारली असं मी कळवलं, ते खोटं होतं. फोरमननं सही केली होती. मीच निघालो नाही. ती नसलेल्या घरात पाय टाकायची हिंमत झाली नाही."

बाबांनी चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाले, "ठाऊक आहे. तुझ्या खोलीतला चौलचा नारायण सुट्टीवर आला होता, त्याच्याकडून कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इथं एकटा. बोलून काय करायचं होतं?" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सुमनला मात्र सांगितलेलं नाही. तुला तार केल्यावर दोन दिवस ती एस.टी. स्टँडवर जाऊन बसत होती. प्रत्येक गाडी बघायची. मीच हाताला धरून आणली तिला."

एवढं बोलून ते उठले आणि बुरूज बघायला गेले. मी तिथंच बसून राहिलो. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा मी आलो. बारा दिवस तुझ्यासमोर बसलो, पण घरात माणसं होती, तू रडत होतीस. नाही सांगता आलं.

इथं कुणी घर विचारलं की मी अजून रेवदंडाच सांगतो. पण त्या घरात दिवा तू लावतेस. आता कायमचं परतावं म्हणतोय; तिथं मला पाहुण्यासारखं यायचं नाही, आणि हे पोटात ठेवून घरच्यासारखं येववत नाही. म्हणून आधी लिहिलं. वाचून झाल्यावर मला ये म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा दादा