काट मारलेलं पान

निवृत्त प्राध्यापकाची आठवण महाविद्यालयाला दोनदाच होते, शोकसभेला किंवा कार्यशाळेला. मागच्या वर्षी मला कार्यशाळेचं बोलावणं आलं, म्हणजे तब्येत अजून बरी आहे असं समजून गेलो. विषय होता विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाच्या नव्या पद्धती. एक तरुण प्राध्यापिका पडद्यावर दाखवत होत्या: लेखी पेपर म्हणजेच परीक्षा नव्हे, मुलांची निरीक्षणं बघा, त्यांना करून दाखवू द्या, चुकलं तर का चुकलं ते विचारा. सगळे माना डोलवत होते, मीही डोलवली. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तीस वर्षं तपासणी केलीत, दोन शब्द सांगा ना." मी उठून पेपरांचे गठ्ठे आणि कॉपीबहाद्दरांवर चार विनोद सांगितले आणि टाळ्या घेऊन बसलो. खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकलचं जर्नल असायचं, नाडीनं बांधलेल्या सुट्या पानांचं. पानोपानी माझी सही आणि शेवटी जर्नल पूर्ण असल्याचा दाखला लागायचा. तो नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. चुकलेल्या पानावर आम्ही लाल शाईनं काट मारायचो. विद्यार्थ्यानं नवं पान काढायचं, जुनं त्याच्यामागं टाचून आणायचं, आणि ते आम्ही काढून घ्यायचो. मुलं मागच्या बॅचच्या जर्नलवरून आकृत्या उतरवायची, मागच्या बॅचनं त्या पुस्तकातून उतरवलेल्या असायच्या. आम्ही त्या नकलेवर 'उत्तम' असा शेरा मारायचो. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

एका वर्षी वर्गात पडेगावची एक मुलगी होती. घरची मेंढरं होती. वडील कळप घेऊन दौलताबादच्या डोंगराकडे जायचे, सुट्टीत हीसुद्धा जायची. कॉलेजला सायकलवर यायची, बोलायची कमी. पहिला वर्ग मिळाला तर एम.एस्सी.ला पाठवायचं, नाहीतर लग्न, असं घरात ठरलं होतं. प्रवेशाचे नियम विचारायला आली तेव्हा तिनंच मला हे सांगितलं होतं.

गवतांच्या प्रॅक्टिकलला मी कुसळी दिली. हे आपल्याकडच्या माळावरचं गवत, बी टोकदार आणि त्याला शेपटासारखं लांब कुसळ. पुस्तकात त्याची एकच आकृती होती. हिनं तीन काढल्या. पहिल्यात कोरडं, पीळ पडलेलं कुसळ. दुसऱ्यात ओलं होऊन पीळ उलगडणारं, शेजारी फिरण्याची दिशा दाखवणारा बाण. तिसऱ्यात बीचं टोक लोकरीतून थेट कातडीत घुसलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सर, पाणी लागलं की ते फिरतंय. फिरत फिरत आत शिरतंय. दिवाळीनंतर दवात मेंढरांना लई तरास होतो त्याचा. आम्ही रोज उपसून काढतो."

"पुस्तकात आहे का?"

"नाय, सर."

"मग पुस्तकाप्रमाणे काढून आण."

मी काट मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. एक कुसळ भिजवून बघायला दोन मिनिटं लागली असती आणि नळ माझ्या पाठीशीच होता. पण टेबलावर जर्नलांचा ढीग होता, आणि दुसरं म्हणजे कुसळ फिरतं हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसला मी विद्वान. दोन दिवसांनी तिनं पुस्तकाबरहुकूम नवं पान आणलं. मी 'उत्तम' लिहिलं आणि जुनं पान ड्रॉवरमध्ये टाकलं.

वार्षिक परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले. तोंडी परीक्षा बाहेरच्यांनी घ्यायची आणि घरच्या परीक्षकानं, म्हणजे मी, शेजारी गप्प बसायचं, अशी रीत होती. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी टेबलावरच्या वाळक्या कुसळीतून एक कुसळ उपटलं आणि पाण्याच्या वाटीवर धरलं.

"हे पाण्यात टाकलं तर काय होईल, बाळ?"

प्रश्न ऐकताच मला कळलं की मुलीचं बरोबर होतं. आधी बरं वाटलं, लाज नंतर वाटली. म्हटलं, आता हिचे गुण कुठं जात नाहीत. तिनं कुसळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काही होणार नाही, सर," ती म्हणाली.

त्यांनी कुसळ पाण्यात सोडलं. थोड्या वेळानं ते सावकाश फिरायला लागलं. आम्ही तिघंही बघत राहिलो. परीक्षकांनी गुण लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

चहाच्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात गाठलं. "अगं, तुला येत होतं! मग सांगितलं का नाहीस?"

"सर, तुम्ही काट मारली होती ना. मला वाटलं, आपल्याच बघण्यात काही चुकलं असंल."

लहानपणापासून तिनं मेंढरांच्या अंगातून शेकडो कुसळं उपसली होती. माझ्या एका लाल रेघेनं तिला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. मार्कांपेक्षा मला हे जास्त लागलं, आणि अजून लागतं.

तरीही वेळ गेलेली नव्हती. गुणपत्रक पाकिटात बंद व्हायचं होतं. मी ड्रॉवरमधून ते पान काढलं आणि परीक्षक बसले होते त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. "ही चूक तिची नाही, माझी आहे," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात शिपाई म्हणाला, "सर, चाय ठंडी होरी." मी पानाची घडी करून खिशात घातली आणि आत जाऊन बसलो. तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यात बिस्कीट घातलं. एका परक्या माणसासमोर अडाणी ठरायची मला भीती वाटली.

निकाल लागला. तिचा पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला. जर्नल परत न्यायला ती आली तेव्हा उभ्या उभ्याच पानं चाळली.

"सर, ते पहिलं पान तुमच्याकडं हाय का? मला पायजे होतं."

"ते गेलं रद्दीत," मी म्हणालो.

"व्हय का," म्हणून ती गेली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वैजापूरकडे दिली, एवढंच पुढं कानावर आलं.

पान तेव्हाही ड्रॉवरमध्येच होतं, खिशातून काढून मी ते परत तिथंच ठेवलं होतं; आता घरी कपाटात आहे. कार्यशाळेहून आल्यावर ते काढून बसलो. लाल शाई फिकट झालीय, पेन्सिलीच्या तिन्ही आकृत्या मात्र जशाच्या तशा आहेत. खाली गुणांची चौकट मी तेव्हा रिकामीच सोडली होती. बायकोनं विचारलं, "आता कसले पेपर तपासताय?" मी पेन उघडून चौकटीवर धरलं आणि तसंच मिटून ठेवलं. दहापैकी दहा लिहिले असते, पण ते आता कुणाला कळवायचे?