नाव काढणे

खुर्चीवरचा दिवा लावताना मामा तो आधी तळहाताने झाकायचे. काढलेला दात मुळाकडून बघायचे. रडणाऱ्याला 'गप्प' म्हणायचे नाहीत, 'किती वाजले हो?' विचारायचे. डबा उभ्यानेच संपवायचे. 'उपटणे' हा शब्द दवाखान्यात चालू द्यायचे नाहीत. "गवत उपटतात. दात काढतात."

दातांच्या दवाखान्यात ते एकतीस वर्षं मदतनीस होते. त्यातली शेवटची बारा वर्षं त्यांची मुलगी त्यांच्याशी बोलत नव्हती. हे मला उशिरा कळलं.

मी गेलो होतो अक्कलदाढ काढायला.

"मराठीत एमे का तुम्ही?" मामांनी केसपेपर बघत विचारलं. "बसा. आज आम्ही तुमची अक्कल काढतो."

मी बसलो आणि दाराकडे पाहिलं.

"घाबरू नका. डॉक्टर दात काढतात, मी समजूत काढतो. मग पेशंट आमची लायकी काढतो."

मी हसलो, तेवढ्यात दाढ बाहेर आली होती. भाषा शिकण्यात मी पाच वर्षं घालवली होती. या एका क्रियापदाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

नंतर मी उगीचच तिथे जाऊ लागलो. एका दुपारी मामांनी कपाटातून घडी घातलेला कागद आणला. शहराचा नवा नकाशा.

"पोरीनं काढलाय."

कोपऱ्यात तिचं नाव छापलेलं होतं. मधे बापाचं.

"नववीत होती. आईचं आजारपण काढायला घरात कुणीतरी हवं होतं. मीच शाळेत जाऊन तिचं नाव काढलं. पुढचं सगळं ती बाहेरून परीक्षा देऊन शिकली." त्यांनी मधल्या नावाखाली बोट ठेवलं. "मी तिचं नाव काढलं, एमे. तिनं माझं काढलं."

मी ते मधलं नाव पुन्हा वाचलं.

"तिची समजूत काढायचीय," ते म्हणाले. "पत्र लिहून द्या."

"तुम्हीच लिहा, मामा. मी फक्त वाचून बघेन."

"म्हणजे चुका काढणार."

पुढचे तीन आठवडे पेशंट नसला की ते लिहीत बसायचे. गेल्या मंगळवारी हत्यारं धुताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी त्यांच्या कोटाच्या खिशातली वही माझ्याकडे दिली. पहिल्या आठ पानांवर मायना आणि खाली खाडाखोड. नवव्या पानावर खाडाखोड नाही. मायन्याखाली एकच ओळ आहे, तीही अर्धी:

'तुझं नाव मी शाळेतून काढलं, ते'