गाऱ्हाणं अडकलं लॅपटॉपात

भावजींचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये अडकला होता आणि त्याला मीच जबाबदार होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणाला दोष शोधत बसायला नको.

भावजी म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या गावच्या घरी देवदिवाळीला कुळाच्या देवांपुढे गाऱ्हाणं घालतात. घरातल्या कर्त्या माणसाने उभं राहायचं, एकेका देवाला, शिवेवरच्या आणि वडाखालच्या राखणदाराला नावाने हाक मारायची, लेकराबाळांचं बरं कर म्हणायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. नावांचा क्रम ठरलेला. हे कुठे लिहिलेलं नाही. सासऱ्यांकडून भावजींकडे आलं ते ऐकून ऐकून. आणि गेल्या उन्हाळ्यात भावजींना झटका आला, त्यात वाचा गेली नि उजवा हातही. समजतं सगळं, पण बोलणं नाही, लिहिणं नाही. यंदा त्यांच्या मुलाने उभं राहायचं होतं. हा माझा पुतण्या दिंडोशीला राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याला त्या सगळ्या यादीतली पहिली दोन नावं येतात.

मागच्या देवदिवाळीचं गाऱ्हाणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. पुढे फोन भरला. कशाने, तर सुप्रभातच्या गुलाबांनी. तेव्हा गुलाब ठेवून मी गाऱ्हाणं लॅपटॉपवर हलवलं आणि फोनवरून पुसलं. जन्मभर कचेरीत तीन-तीन कार्बन घालून टायपिंग केलेल्या बाईने प्रत ठेवली एक.

खरं तर मला ते पाठच असायला हवं. इतक्या देवदिवाळ्या मी त्या घरात काढल्या. पण लग्न होऊन आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच वर्षी भावजींना विचारलं, "ही देवांची हजेरी कशाला घेता? देव काय शाळेत आहेत?"

भावजी शांतपणे म्हणाले, "तुझ्या हापिसात मस्टर नसता काय?"

मी हसले. उत्तर नसलं की हसायचं, हा तेव्हाचा माझा पुरोगामीपणा. त्यानंतर, मागचं वर्ष सोडलं तर, दर वर्षी गाऱ्हाण्याच्या वेळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात वडे तळत बसायचे. वडे उत्तम व्हायचे. गाऱ्हाण्यातलं मात्र 'महाराजा' तेवढं कानावर यायचं.

तर देवदिवाळीला आठ दिवस राहिले असताना लॅपटॉपने मान टाकली. बटण दाबलं की निळा पडदा, त्यावर 'दुरुस्ती चालू आहे', मग काळोख, मग पुन्हा निळा पडदा. मुलुंड स्टेशनजवळच्या दुकानात नेला. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल."

"आतलंच तर हवंय," मी म्हटलं.

"मग ठेवून जा पंधरा दिवस. मिळेलच असं नाही."

लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आणला. पुतण्याला सांगायची हिंमत झाली नाही. फोन केला तो दहिसरच्या मैत्रिणीला.

ही माझी कचेरीतली मैत्रीण. आमच्या कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर येणार म्हणून मोर्चा निघाला होता, त्यात आम्ही दोघी पुढे होतो. 'पेटी आली, रोटी गेली' ही घोषणा माझी. यमक जुळलं म्हणून मी इतकी खूश होते की घरी भाजी निवडतानाही तेच पुटपुटायचे. वर्षभरात साहेबांनी ट्रेनिंगला पाठवलेल्या पहिल्या दोन बायका कोण, तर आम्हीच. एसी खोलीबाहेर चपला काढून, पदर सावरून आत गेलो. हात जोडायचे तेवढे राहिले होते. मैत्रीण तेव्हाच त्या यंत्राच्या प्रेमात पडली. आता सत्तरीत ती जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून वापरते आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते.

माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "अगं, घरात सामान शाबूत आहे, नुसतं कुलूप बिघडलंय. दुकानवाला घर रिकामं करून नवं कुलूप लावायला निघालाय. आपण शेजारणीच्या गॅलरीतून उतरू या."

"म्हणजे?"

"म्हणजे पेनड्राइव्हवर लिनक्स घालायचं. लॅपटॉप त्याच्यावरून चालू करायचा. आतल्या सिस्टिमला उठवायचंच नाही. फाइल उचलायची नि बाहेर."

सुनेच्या लॅपटॉपवर मी ते लिनक्स डाउनलोड केलं, पेनड्राइव्हवर कॉपी केलं, आमच्या आजाऱ्याला लावलं. निळा पडदा. पुन्हा लावलं. निळा पडदा. मैत्रिणीला फोन.

"कॉपी केलंस? नुसतं उचलून ठेवलंस?" ती हसत सुटली. "डब्यात पोहे भरून ठेवले म्हणजे फोडणीचे होतात का गं?"

मग कळलं की ती मोठी फाइल पेनड्राइव्हवर ठेवायची नसते, वेगळ्या प्रोग्रॅमने उतरवायची असते, तेव्हाच लॅपटॉप तिच्यावरून उठतो. तो प्रोग्रॅम घेतला. त्याने बजावलं की पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. पुसलं जाईल हे शब्द मी दोनदा वाचले, पण त्यात माझे गुडघ्याचे एक्स-रे सोडून काही नव्हतं. पुस म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून ऑफिसला गेल्यावर पुन्हा बसले. मैत्रीण फोनच्या स्पीकरवर.

"चालू केल्या केल्या एफ-बारा दाबत राहा. कुठून उठू ते तो तुला विचारेल."

पहिल्यांदा मी दाबलं तोवर निळा पडदा आला होता. दुसऱ्यांदाही तेच.

"थांबून दाबू नकोस. दारावरची बेल वाजवल्यासारखी दाब. टकटकटक."

तिसऱ्यांदा यादी आली. यादीत एकच नाव, आतली हार्ड डिस्क. पेनड्राइव्हचा पत्ता नाही. तिने मला सेटिंगमध्ये नेलं, 'सिक्युअर बूट' नावाचा रखवालदार बंद करायला लावला. परक्याला तो आत घेत नाही म्हणे. बंद केला. तरी यादीत तेच एक नाव.

"बये, वाट लागली," मी म्हटलं. "पुतण्याला सांगून टाकते. म्हणावं, जमतील तेवढी नावं घे."

"रड नंतर. आधी पेनड्राइव्ह बिघडलाय की लॅपटॉप ते बघ. सुनेचा लॅपटॉप घरी आहे ना? त्याला लाव."

सुनेच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह पहिल्या फटक्यात उठला. म्हणजे पेनड्राइव्ह धडधाकट. सून घरी नव्हती हे बरं, तिने बघितलं असतं तर मी धडधाकट राहिले नसते.

"आता नीट सांग," मैत्रीण म्हणाली. "तुझ्या लॅपटॉपमध्ये तो पूर्ण आत बसतो का?"

"अर्धा बसतो."

"अर्धा?"

"मला वाटलं, याचं भोक तेवढंच आहे."

मग ती म्हणाली, "बॅटरी घे आणि आत बघ."

लॅपटॉप बंद केला, बॅटरी मारली, डोळा लावला. आत, अगदी मागे, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. दसऱ्याला मी लॅपटॉपची पूजा केली होती. गंध, झेंडूचं फूल, आणि अक्षता, त्याही कंजुषी न करता. चपला काढून कॉम्प्युटरपाशी जाणाऱ्या बाईकडून दुसरं काय होणार. शहाणीने हजेरीवरून देवांची चेष्टा केली, आणि म्हातारीने यंत्राला तांदूळ भरवला.

मी बांगडीतली पिन काढली.

"पिन नको," ती ओरडली. "आतले पत्रे वाकवशील. दुसरं भोक आहे का?"

"आहे, पण त्यात माउसचं आहे."

"मग माउस काढ की. तो काय तुझा जावई आहे?"

माउस उपटला. पेनड्राइव्ह तिथे लावला. तो खट्ट करून पूर्ण आत गेला आणि मला तेवढ्यानेच बरं वाटलं. टकटकटक. यादीत दोन नावं. खालच्या नावावर जाऊन एंटर मारलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. मी मैत्रिणीला वाचून दाखवायला गेले तर म्हणाली, गप बस, त्या तुझ्यासाठी नाहीत.

मग रंगीत पडदा आला. त्यावर दोन पर्याय. नुसतं वापरून बघा, किंवा लॅपटॉपवर बसवा.

"बसवा म्हणालीस तर दुकानवाल्याचंच काम तू फुकटात करशील," ती म्हणाली. "सगळं साफ होईल. वापरून बघा. वाच मला मोठ्याने, कशावर बोट आहे तुझं."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग दाबलं.

आतल्या डिस्कचं चित्र दिसत होतं. ते उघडलं आणि माझे फोल्डर जसेच्या तसे, एकाला हात लागलेला नाही. रेकॉर्डिंगना नावं नव्हती, नुसते आकडे. पहिलं लावलं तर सोसायटीच्या हळदीकुंकवातलं कोणाचं तरी नाट्यगीत. दुसऱ्यात रिक्षाचा आवाज आणि मी, 'हे चालू झालं का' असं विचारणारी. पाचव्यात भावजी खाकरले.

"बा देवा महाराजा, आज सालाबादप्रमाणां..."

फोनच्या स्पीकरमधून दहिसरहून आवाज आला, "व्हय महाराजा." मैत्रीण घाटावरची, आमच्या गावी कधी आलेली नाही, पण तिला राहवलं नाही. मग मात्र मी पदर डोळ्यांना लावला. मोर्चात घसा फोडणाऱ्या माझ्यातल्या त्या शहाणीने मला बघितलं असतं तर तिने नाक मुरडलं असतं. मुरडू दे.

फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावी तर भोक रिकामं नाही, एकात लिनक्स, एकात तांदूळ. पण त्या सिस्टिमला घरचं वायफाय मिळालं होतं. मी गाऱ्हाणं मेल केलं. स्वतःला, पुतण्याला, सुनेला, मैत्रिणीला. मग पुन्हा स्वतःला.

त्या रविवारी बसने दिंडोशीला गेले. पुतण्या वही घेऊन बसला होता. आजारपणापासून भावजी त्याच्याकडेच असतात; ते खुर्चीत, शाल पांघरून. आम्ही गाऱ्हाणं लावलं आणि तो एकेक नाव लिहू लागला. भावजी डोळे मिटून ऐकत होते. अर्ध्यावर त्यांचं डावं बोट वर झालं.

"पप्पा, पाणी हवंय?"

मान नाही म्हणाली. पुतण्याने थोडं मागे नेऊन लावलं. त्याच जागी बोट पुन्हा वर.

"नाव राहिलंय?" मी विचारलं.

मान होय म्हणाली.

पुतण्याने आठवून आठवून विचारलं. विहिरीवरचा? तो झाला होता. शिवेवरचा? तोही. मग मी चाचरत म्हटलं, "व्हाळावरचा?" गावच्या ओढ्याशी त्याचा दगड आहे, कपडे धुताना बायका त्याच्याकडे पाठ करून बसत नाहीत, म्हणून मला ठाऊक. भावजींनी जोरात मान हलवली.

गेल्या वर्षी भावजींनीच तो गाळला होता. पुतण्याचा चेहरा उतरला. नाव राहिलं की तो देव रुसतो असं आमच्याकडे मानतात, आणि पुढे उन्हाळ्यात काय झालं ते आम्ही बघितलं होतं. त्याच्या मनात आलं ते भावजींनाही कळलं असावं. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर टपली मारली आणि खांदे हलवत हसले. आवाज न करता, पण चांगलं पोटभर. मग मी हसले, मग पुतण्याही.

"काकी, म्हणजे आता माझं पप्पांपेक्षा बरोबर होणार तर," तो म्हणाला. भावजींनी डोळे वटारले.

व्हाळावरच्याला वहीत त्याच्या जागी बसवलं. पुतण्या उभा राहिला, वही हातात धरून, बर्म्युडा आणि टी-शर्टमध्ये, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं घातलं. दर वाक्याला मी सोफ्यावरून 'व्हय महाराजा' म्हटलं. दोन ठिकाणी अडखळला, पण नाव एकही चुकलं नाही. संपेपर्यंत मी भावजींच्या हाताकडे बघत होते. बोट काही हललं नाही.

"आता चहा टाक," मी पुतण्याला म्हटलं. "आणि आलं घाल."