बाबांच्या डाळिंबाची गुटी

अकोल्याहून कृषीची पदवी घेऊन आलो, घरातला पहिलाच पदवीधर. दर्यापूरकडच्या आमच्या अंगणातलं गोड डाळिंब नव्या रस्त्यात जाणार होतं. ते वाचवायला मी गुटी बांधली: एका फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ लावलं आणि वरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक गुंडाळलं. मुळं फुटली की फांदी कापून लावायची. पण येईल त्याला बाबा गुटी सोडून दाखवत.

"बाबा, सारखं उघडलं तर मुळं कशी फुटतील?"

"मंग तू शिकून आला हे लोकाईले समजन कसं?"

पहिली फांदी वाळली. दुसरीला मी पारदर्शक प्लास्टिक बांधलं. दीड महिन्यात पांढरी मुळं बाहेरूनच दिसू लागली. रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आत ती फांदी कुंडीत लागली. कुंडी बाबांनी पाहुण्यांच्या खुर्चीसमोरच ठेवली.