झाकलेलं तोंड

"मोठ्यानं वाच. मागच्या पोरांना ऐकू येईना."

सर असं म्हणाले तेव्हा माझ्या हातात पेपर होता आणि पेपरात माझा बा होता.

मी सातवीत होते. शाळेत रोज सकाळी परिपाठ असायचा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, मग ताज्या बातम्या. बातम्या वाचायला रोज एक पोरगं पुढं जायचं. माझा नंबर कधी लागला नव्हता. मी पारध्याची. आमची घरं गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं. आमच्या वस्तीला पिढी म्हणतात. पिढीवरची दोन-तीनच पोरं शाळेत होतो, आणि आम्हाला कुणी काही वाचायला सांगायचं नाही. त्या दिवशी सरांनी स्वतः माझं नाव घेतलं. मला लई बरं वाटलं. हात झग्याला पुसून मी पुढं गेले.

सरांनी पेपर घडी घालूनच दिला. एका जागी बोट ठेवलं. "ही वाच."

दरोडेखोरांची टोळी जेरबंद. खाली फोटो. मागं खुर्च्यांवर पोलीस. पुढं मातीत उकिडवी बसलेली माणसं, तोंडावर काळे बुरखे. पहिल्या दोन ओळी मी चांगल्या वाचल्या. पुढच्या ओळीत नावं होती.

मी थांबले.

तेव्हा सर म्हणाले, मोठ्यानं वाच.

मी वाचलं. बाचं नाव, आजोबाचं नाव, आडनाव, गाव. सगळी शाळा बसून ऐकत होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, आरोपींनी गुन्ह्याची कबुली दिली. तेही वाचलं. सर म्हणाले, "शाब्बास. जा, बस. आणि पोरांनो, आपापली दप्तरं सांभाळा रे."

सगळे हसले. शिकवणाऱ्या बाई पण हसल्या. त्या चांगल्या होत्या, एरवी मला पेन्सिल द्यायच्या. त्या पण हसल्या.

बानं दरोडा घातला नव्हता. दरोडा पडला तो लांब, दुसऱ्या तालुक्यात. बा त्या रात्री गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या द्राक्षबागेवर राखणीला होता. मालक स्वतः मोटारसायकलवर बघून गेला होता, बाला तंबाखू देऊन गेला होता. पोलिसांनी बाला उचललं ते त्याच बागेतल्या खोपटातून. राखणदाराला चोर म्हणून नेलं, आणि ज्याच्या मालाची राखण केली तो बघत उभा राहिला.

माय मला घेऊन मालकाकडं गेली. तो फाटकात आला. आत या म्हणाला नाही.

"मालक, तुमी एवढं सांगा की. ते तुमच्या बागंत व्हते."

"मला ह्यात ओढू नको. माझं बी पोलिसांत काम पडतं."

"मग आमी कुणाला सांगावं?"

त्यानं फाटक लावलं. दुसऱ्या दिवशी बागेवर दुसरा राखणदार होता.

बा जेलात राहिला. जामिनावर सुटला. पुढं कैक वर्षं तारखा चालल्या, आणि शेवटी कोर्टानं निर्दोष सोडलं. त्या दिवशी बानं धुतलेला सदरा घातला आणि मला सोबत घेऊन तालुक्याला गेला. ज्यानं ती बातमी दिली होती त्या वार्ताहराचं बाजारात दुकान होतं. बा पायरीच्या खालीच उभा राहिला. वर चढलाच नाही.

"साहेब, म्या सुटलो. कोर्टानं सोडलं. तेवढं छापा की."

वार्ताहर मोबाईलवर बोलत होता. बोलणं संपवून म्हणाला, "सुटला ही काय बातमी व्हय?"

तो वाईट बोलला नाही. हसत, समजावल्यासारखं बोलला. म्हणूनच ते बाला लागलं. त्यानंतर कुणी फोन वर धरला, लग्नकार्यात फोटो काढायला लागलं, की बा तोंडावर पंचा घ्यायचा. आपोआप. हात आपसूक वर जायचा. तो वारला तेव्हा भिंतीला लावायला फोटो सापडेना. आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात तो कुणीतरी मारायच्या आधी माणूस बघतो तसा बघतोय. माय म्हणाली, नको लावू. आम्ही लावला नाही.

मला एक गोष्ट अजून छळते. एसटी स्टँडवर, दवाखान्यात, कुठं टीव्हीवर बातम्या लागलेल्या असल्या की मला बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज ऐकू येत नाही. सातवीतल्या पोरीचा येतो. ती मोठ्यानं वाचत असते. तिला थांबव म्हणून मी कुणाला सांगू?

दहावी झाले. शिलाई शिकले. लग्न पिढीतच झालं. नवरा वीटभट्टीवर जातो, मी घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. गावातल्या बायका आधी येत नव्हत्या. हळूहळू यायला लागल्या, माझा हात चांगला म्हणून. धाकटा भाऊ अनिल येडशीच्या फाट्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला लागला. हायवेच्या ट्रकांचे मोठे टायर एकटा उचलायचा. बाचं झालं ते झालं, आता तसले दिवस गेले, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मग एका गावात सराफाचं दुकान फुटलं. साध्या कपड्यातली माणसं फाट्यावर आली आणि अनिलला घेऊन गेली. दुकानाच्या मालकानं फोन केला म्हणून कळलं. कुठं नेलं ते कुणी सांगेना. एका ठाण्यात गेलं की दुसऱ्या ठाण्याचं नाव सांगायचे. माय ठाण्याच्या पायऱ्यांवर बसून राहायची. कुणी पाणी विचारलं नाही.

शेवटी एका ठाण्यात सापडला. ठाण्याचं नाव घेत नाही, केस चालू आहे.

मी दुपारी पोचले तर आवारात मांडव घातल्यासारखी गडबड. टेबल. टेबलावर पांढरा कपडा. त्यावर दागिने, मोबाईल, एक कटावणी. खुर्च्या. पत्रकार आलेले. काहींच्या हातात कॅमेरा, काहींच्या नुसता फोन. एक पोरगा काठीला फोन लावून बोलत होता, "नमस्कार मित्रांनो, आपण थेट बघताय." सगळ्यांना चहा चालला होता. पोलीसही पीत होते, पत्रकारही पीत होते. एकमेकांना नावानं हाका मारत होते. साहेब बाहेर आले, टोपी नीट केली, मधल्या खुर्चीत बसले.

मग आतून तिघांना आणलं. तोंडावर काळे बुरखे. गळ्यापर्यंत.

अनिल कुठला ते मला लगेच कळलं. त्याला चालता येत नव्हतं. पाऊल टेकवत नव्हता, टाचेवर ओढत होता. दोघांनी दंडाला धरलेलं. त्याला टेबलापुढं खाली बसवायला लागले, आणि त्याला बसताही येईना.

पत्रकारांना ते दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं. एक जण म्हणाला, "जरा डावीकडं घ्या, साहेब फ्रेममध्ये येत न्हायत."

मला काय झालं माहीत नाही. मी चालत गेले. कुणी अडवलं नाही, मी सराफाच्या घरची कुणी बाई असेन असं त्यांना वाटलं असावं. मी अनिलच्या आणि कॅमेऱ्यांच्या मधी जाऊन उभी राहिले.

साहेब म्हणाले, "ए, कोण तू?"

"बहीण."

"बाजूला हो. फोटो चाललाय."

"असा फोटो काढायचा न्हाय."

"का? त्याचं तोंड झाकलंय की. तुमचीच अब्रू राहावी म्हणून झाकलंय."

पत्रकारांतला कुणीतरी हसला.

बाची अब्रू अशीच राखली होती त्यांनी. मी वळले, अनिलच्या डोक्यावरचा बुरखा दोन्ही हातांनी धरला आणि ओढून काढला.

एक डोळा बंद होता. जांभळा. ओठ फुटून सुकलेला. कानापाशी रक्त. उजेडानं त्यानं दुसरा डोळा पण मिटून घेतला. माझा आवाज ओळखून म्हणाला, "आक्का, नको."

मी पत्रकारांकडं बघून ओरडले. "आता काढा! आता दिसतंय नव्हं तोंड? काढा फोटो! कशाला झाकलं व्हतं ते दाखवा लोकांला!"

सगळे फोन खाली गेले. ज्यांना इतका वेळ फोटो पाहिजे होता, त्यांच्यातल्या एकालाही आता फोटो नको होता. फक्त त्या काठीवाल्या पोराला काय करावं सुचलं नाही. त्याचा फोन तसाच वर राहिला. साहेब उठून ओरडले, "ए लाईव्ह, बंद कर आधी!" तोवर महिला पोलिसांनी माझे केस धरले होते. मी पडले. बुरखा माझ्या मुठीतच होता, तो त्यांनी बोटं उलगडून काढून घेतला.

पोरानं तो व्हिडिओ उडवला. पण कुणीतरी आधीच उतरवून घेतला होता. रात्रीपर्यंत सगळ्या जिल्ह्यानं बघितला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: ठाण्यात महिलेचा धिंगाणा. सगळ्या पेपरांत तीच बातमी, तेच शब्द. ठाण्यातून पाठवलं तसं छापलं. डोळ्याबद्दल कुणीही लिहिलं नाही. माझ्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस. गावातल्या बायका आल्या, एकेक करून. "आमचं कापड दे गं परत, सध्या शिवायचं न्हाय." एकीचं कापलं होतं, तरी तिनं तुकडे नेले.

मोठ्या चॅनलवर चर्चाही झाली म्हणे. नवऱ्यानं मोबाईलवर दाखवली. पडद्यावर चार चौकोन, चौकोनात चार माणसं. एक म्हणाला पोलिसांचं मनोबल खच्ची होतं. एक म्हणाला मानवाधिकार. एक म्हणाला व्हिडिओ कशावरून खरा? सगळे एकदम बोलत होते. अँकर म्हणाला वेळ संपली. त्या चौकोनांत आमच्यातलं कुणीच नव्हतं. आम्हाला कुणी फोन केला नाही. आम्ही खरे का खोटे ते आम्हाला सोडून सगळ्यांनी ठरवलं.

अनिलला कोर्टात उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? अनिल गप्प. मारणारे शेजारीच उभे होते. सगळे गप्पच राहतात. बा पण राहिला होता. अनिलनं उघड्या डोळ्यानं मला शोधलं, मी दाराशी होते. मग तो म्हणाला, "हाय."

एवढंच. त्या एका शब्दानं त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं, जखमा तपासायला लावल्या. मग जामीन झाला. साहेबांची चौकशी लागली आणि चौकशी चालू असतानाच त्यांची बदली झाली. दुसऱ्या ठाण्यात ते आजही साहेबच आहेत. अनिलचं पाऊल अजून नीट टेकत नाही. टायर उचलवत नाही.

धाराशिवला कलेक्टर ऑफिससमोर आम्ही धरणं धरून बसलो. चार-पाच पिढ्यांवरची माणसं आली, म्हाताऱ्या आल्या, लेकरं घेऊन बायका आल्या. एका चॅनलची पोरगी माईक घेऊन आली. तिनं मला सावलीत नेलं, प्रेमानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, जरा रडून बोलाल का? म्हणजे लोकांपर्यंत पोचेल."

मी म्हणाले, "आमची नावं, कलमं, डॉक्टरचा कागद, सगळं सांगते. रडत न्हाय."

तिनं माईक दुसऱ्या बाईपुढं नेला. ती बाई रडली. ती बातमी लागली.

आता परवा पिढीवर गाडी आली. आमच्या भागातले एक पुढारी. खाटेवर बसले, मायच्या तब्येतीची चौकशी केली. चहा पण घेतला, आजवर पिढीवरचं पाणी ज्यांनी घेतलं नव्हतं त्यांनी. मग मुद्द्यावर आले.

"हे बघ पोरी, तू शिकलेली हायस. अनिल जीपमधनं उतरताना पडला, एवढं म्हणायचं. तुझ्यावरली केस मी बघतो. त्याची बी बघतो. पेपरवाल्यांना सांगून चांगली बातमी देऊ. फोटोसकट."

माय माझ्याकडं बघत होती. तिला हो पाहिजे होतं. तिचं चुकत नाही. तिनं नवरा आत जाताना बघितलाय, लेक आत जाताना बघितलाय, आता लेकीचा नंबर आहे हे तिला कळतंय. रात्री गाडीचा आवाज आला की ती उठून बसते. मी पण उठून बसते. भीती गेली असं मी खोटं सांगणार नाही. ती इथंच आहे, ह्या खोलीत.

मी पुढाऱ्याला म्हणाले, "तो पडला न्हाय. त्याला मारलंय."

"पुन्हा विचार कर."

"केलाय. उठा तुमी."

तो उठला. गाडी गेल्यावर माय भिंतीला टेकून बसली, माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही.

तारखेला मी जाणार आहे. अनिलला घेऊन जाणार आहे. मला आत टाकलं तर आत जाईन, पण तो पडला असं म्हणणार नाही. आणि इथून पुढं ह्या पिढीतलं, शेजारच्या पिढीतलं कुणीही उचललं, तर त्या ठाण्याच्या दारात मी उभी असेन. कुठल्या कलमाखाली नेलं ते विचारीन. माणूस बघितल्याशिवाय हलणार नाही. मारलेलं दिसलं तर कोर्टात सांगीन, आणि खोटं छापलं तर छापणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढून आत जाऊन बसेन. त्यांनी मला ओढून बाहेर काढावं. मी परत जाईन.