चाळणीने निवडलेला पाला

कारखान्यात तिला सगळे चाळणी म्हणत. खोकल्याच्या काढ्याचा पाला निवडण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. पोत्यात हात घातला की काडी, खडा, परका पाला तिच्या बोटांना आपोआप लागायचा. ज्येष्ठमध जुना झालाय का, हे ती नुसत्या वासावरून सांगे. तिने बाजूला काढलेला माल परत ढिगात टाकायची मालकाचीही छाती नव्हती.

यंदा गोदामाचं छत गळलं आणि वाळलेल्या पुदिन्याची पोती भिजली. उघडून बघावं तर आत काळा चिकट गोळा, वर पांढरी बुरशी आणि वळवळणाऱ्या अळ्या. मुकादमाने नाकाला रुमाल लावून मालकाचा हुकूम सांगितला की भट्टीत भाजा, दळा, वरून निलगिरीचं तेल मारा, कुणाच्या बापाला कळणार नाही. बाकीच्या बायका मूग गिळून बसल्या. चाळणीही बसली. नोकरीची दोनच वर्षं उरली होती. तीन दिवस ती तो चिखल निवडत राहिली. निवडायचं कसलं, नुसतं पुढे ढकलायचं. घरी चारचारदा हात धुतले तरी घास तोंडाशी नेला की उमासा यायचा. मालकाची किळस होतीच, पण स्वतःची जास्त होती. आणि काढ्याच्या खोक्यावर काय, तर दवाने भिजलेलं हिरवंगार पान, खाली 'शुद्ध, नैसर्गिक, घरगुती'. थुंकावंसं वाटे त्या पानावर.

महिन्याने ती थोरल्या बहिणीकडे गेली. थोरलीचा खोकला जुनाट, श्वास घेताना छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांच्या गोळ्या फडताळात न फोडलेल्या पडल्या होत्या आणि गॅसवर काढा उकळत होता. शेजारी तेच खोकं. चाळणीने फडक्याने पातेलं उचललं आणि सरळ मोरीत ओतलं.

मग तिने सगळं सांगितलं, अळ्यांसकट. थोरली तोंडावर हात धरून ऐकत होती.

"मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"नोकरी गेली असती, ताई."

थोरलीला खोकल्याची उबळ आली. चाळणीने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"गोळ्या मी कडू म्हणून नाही सोडल्या," थोरली म्हणाली. "तुझ्या हातचं औषध घरात होतं म्हणून सोडल्या. समोरच्या बाळंतिणीलाही मीच दिलं. माझ्या बहिणीने निवडलंय, डोळे मिटून घे, असं सांगून."

चाळणीने चपला घातल्या आणि समोरचं दार वाजवलं.