आत्याबाईंच्या मापाची सायकल

रिहे गावाबाहेर आमची भातखाचरं आहेत. गुडघ्यांनी दगा दिला तसं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, तिकडे जाणं बंद झालं. चाललं की कळ यायची, आणि स्वतःच्याच शेतात कुणीतरी नेऊन सोडायचं याची त्यांना लाज वाटायची. मामंजी म्हणाले, "यंदा वाट्यानं देऊन टाकू." त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत.

चालण्यापेक्षा सायकल बरी, असं डॉक्टरांनी म्हटल्यावर मी माझी कॉलेजातली लेडीज सायकल माळ्यावरून खाली काढली. माहेरी असताना आत्याबाई सायकलनं शाळेत जायच्या, त्यामुळे शिकवायची गरज नव्हती. त्यांची अट एकच, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मी सीट पार खाली बसवली. अंगणात एक फेरी मारून त्या गुडघे धरूनच उतरल्या.

"गुडघं पोटात घुसत्यात. त्यापरीस चाललेलं बरं."

मी जात्याच हट्टी. सायकल भिंतीला लावली, त्यांना वर बसवलं आणि टाच पायडलवर ठेवायला लावली. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. पाना फिरवत सीट थोडी वर घेतली, मग अजून थोडी. त्यांना वाकावं लागत होतं म्हणून हँडलही उचललं. त्यांनी पायडल उलटं फिरवून पाहिलं.

"दुखत न्हाई गं," त्या म्हणाल्या. मग खाली बघून, "पर पाय टेकत न्हाईत."

"मोडून घे पाय या वयात," मामंजी पडवीतून म्हणाले.

ओट्यावर पाय ठेवून चढायचं, ओट्यावरच उतरायचं, असं आम्ही ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्या ऐटीत निघाल्या, मी स्कूटरवर मागे. शेत आलं, वेग कमी झाला, आणि सायकल तशीच पुढे गेली. तिथे ओटा कुठला असणार? "मी धरते, उतरा," मी ओरडले.

"रोज कोन धरनार हाय?"

पुढे रस्ता रुंद होता तिथून वळून त्या थेट घरी आल्या. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते ओठातच राहिलं.

"ऱ्हाऊ दे आता," म्हणाल्या. "वाट्यानंच द्या."

सकाळी मामंजी हातगाडी घेऊन कुठेतरी गेले आणि मातीनं भरलेले हात घेऊन परतले. "जा, बघून ये शेत," एवढंच ते आत्याबाईंना म्हणाले. त्या सायकलनं निघाल्या, मी पुन्हा स्कूटरवर मागे.

शेताशी, रस्त्याच्या कडेला, आमच्या मोडलेल्या गोठ्याच्या पायरीचा दगड पक्का रोवलेला होता. आत्याबाईंनी अलगद त्यावर पाय टेकला आणि उतरल्या. दगड हलवून पाहिला.

"एकट्यानं उचलला व्हय ह्यो? कंबर धरली आसंल त्यांची. तू जा, शेक दे त्यांना," त्या पदर खोचत म्हणाल्या. "मी येती माजी माजी."